पाठीतल्या इंजेक्शनची गोष्ट

सिझेरियनच्या आधी मी पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायचं सुचवलं, की बहुतेक घरांतून एकच वाक्य ऐकू येतं : "डॉक्टर, ते पाठीतलं इंजेक्शन नको. नंतर आयुष्यभर कंबर धरते म्हणतात." काहींना डोकेदुखीची भीती असते. यातली एक भीती बरीचशी गैरसमजातून आलेली आहे, दुसरीत तथ्य आहे. ते तथ्य ज्याने शोधलं, त्याने ते स्वतः भोगून शोधलं. म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो.

साल 1898, जर्मनीतलं कील शहर. तेव्हा क्लोरोफॉर्म किंवा इथर हुंगवून पूर्ण बेशुद्ध करत, आणि त्यात कधीकधी जीवही जाई. ऑगस्ट बियर या सर्जनला वाटलं, ऑपरेशन पायाचं असेल, तर मेंदूला कशाला झोपवायचं? मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसा पाठीतच थांबवू. कोकेनने डोळा बधिर होतो हे 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी दाखवलं होतं. पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढायची पद्धत कीलमधल्याच क्विंके यांनी 1891 मध्ये सांगितली होती. बियर यांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. 16 ऑगस्टला पहिल्या रुग्णाच्या पायाचं ऑपरेशन झालं. ते दुखलं नाही, पण नंतर त्याला उलट्या झाल्या आणि डोकं दुखलं.

असं का झालं? हे शोधायला 24 ऑगस्टला बियर स्वतःच टेबलावर बसले. सहकारी हिल्डेब्रांट यांनी सुई टोचली, पण सिरिंज सुईला नीट बसेना. औषध सांडलं आणि पाठीतलं पाणी भरपूर वाहून गेलं. मग हिल्डेब्रांट यांनी स्वतःची पाठ पुढे केली. थोड्या वेळाने बियर यांनी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, मांडीला जळती सिगार लावली. वेदना नाही! स्पर्श आणि दाब मात्र कळत होता.

सिझेरियनमध्ये तुम्हाला 'ओढल्यासारखं' वाटतं पण दुखत नाही, ते याचमुळे. औषध नसांमधून जाणारा विजेसारखा संदेश अडवतं. दुखणं आणि गरम-थंड नेणाऱ्या बारीक नसा लवकर बधिर होतात, दाबाची जाणीव मात्र बरीच टिकून राहू शकते.

त्या रात्री दोघांनी वाइन आणि सिगारने यश साजरं केलं. नंतर हिल्डेब्रांट यांचं डोकं दुखू लागलं, उलट्या झाल्या, नडग्या काळ्यानिळ्या पडल्या. बियर तर नऊ दिवस अंथरुणावर होते. उठून बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. पाणी गळाल्यामुळे हे होतं, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही बरोबर मानला जातो.

म्हणूनच पुढे सुया बारीक होत गेल्या, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया आल्या आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली. तरीही कुणाला झालीच, तर उपाय आहे : रुग्णाचंच थोडं रक्त त्याच जागेजवळ सोडून गळती बंद करतात.

एपिड्युरल हे याचंच भावंडं. स्पेनचे लष्करी सर्जन फिदेल पाखेस यांनी 1921 मध्ये ते मांडलं. यात सुई पाण्यापर्यंत जात नाही, आवरणाच्या बाहेरच थांबते. तिथे बारीक नळी ठेवून लागेल तसं औषध देता येतं, म्हणून बाळंतपणाच्या लांबलेल्या कळांमध्ये ते उपयोगी पडतं.

आता कंबरदुखीचं. सुई टोचल्या जागी काही दिवस ठणका लागू शकतो. कायमच्या कंबरदुखीशी मात्र या इंजेक्शनचा संबंध अभ्यासांमध्ये आढळलेला नाही. गरोदरपणातला ताण, बाळाला वाकून उचलणं, वाकून दूध पाजणं ही खरी कारणं. आणि मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आम्ही सुई त्याच्या खाली टोचतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आणि नंतर बसल्यावर डोकं दुखून आडवं झाल्यावर थांबत असेल, तर अंगावर काढू नका, लगेच कळवा. बियर यांना नऊ दिवस झोपून राहावं लागलं. तुम्हाला तसं राहायची गरज नाही.