श्वसनयंत्रापासून सुटका आणि अ‍ॅसिटाझोलामाइड

कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णास क्रमाक्रमाने स्वतःच्या श्वासावर आणणे, यासाठी इंग्रजी वैद्यकाने योजलेला शब्द मूळचा मुलाला अंगावरून तोडण्याचा होय. जीर्ण फुप्फुसविकाराच्या रुग्णांत ही क्रिया विशेष कष्टाची असते. आणि यंत्रावरील दिवस वाढतील तसे फुप्फुसात जंतुसंसर्ग होण्याचे भयही वाढते. औषधाने ती सुकर करता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली असता रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळले. ते अल्कतेचे चिन्ह समजले गेले. श्वास अपुरा पडून कार्बन डायॉक्साइड साचल्याचा हा परिणाम होय, हे ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले आणि श्वासनलिकेत नळी बसवून हाताने हवा भरण्याचा उपचार सुरू केला.

जीर्ण विकारात हा वायू दीर्घकाळ साचतो. त्याची आम्लता निवारण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून ठेवतात. यंत्र वायू त्वरेने बाहेर टाकते. बायकार्बोनेट मागे उरते, आणि अल्कतेमुळे श्वसनाची प्रेरणा मंदावते.

१९३३ साली केंब्रिज येथे मेल्ड्रम व रफ्टन यांनी कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर शोधले. सल्फानिलामाइड त्यास रोखते, असे मान व केलिन यांनी १९४० मध्ये दाखविले. रॉब्लिन व क्लॅप यांनी १९५० मध्ये तत्सम, परंतु अधिक प्रभावी संयुगे सिद्ध केली; अ‍ॅसिटाझोलामाइड त्यांपैकीच होय. ते बायकार्बोनेट मूत्रावाटे घालविते. तेव्हा त्याने श्वासाची प्रेरणाही परतावी, हा तर्क साहजिक होता.

या तर्काची मोठी कसोटी फ्रान्समध्ये झाली. १५ अतिदक्षता विभागांतील ३८२ रुग्णांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. यंत्रावरील काळाचा मध्यक औषध घेणाऱ्यांत १३६.५ तास, तर निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांत १६३ तास आला. परंतु हा फरक केवळ योगायोगाचा नव्हे, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. बायकार्बोनेट मात्र निश्चितपणे उतरले.

यावरून औषध निरुपयोगी ठरले असे म्हणणे धाडसाचे होईल. अल्प लाभ असल्यास तो या संख्येत दिसला नसेल. परंतु रक्तातील दोष दूर झाला म्हणजे रुग्ण यंत्रापासून लवकर सुटलाच, असे गृहीत धरण्यास आता आधार उरत नाही. श्वसनाचे स्नायू थकलेले असतील, तर केवळ प्रेरणा जागी होऊन भागत नाही.