डोळ्याचा श्वास आणि काचेचे भिंग

श्रोतेहो, टेंभी नाक्यावरून या मंडपापर्यंत येताना ज्यांनी दोनदा चष्मा पुसला असेल, त्यांना चष्म्याविना स्वच्छ दिसण्याची हाव माणसाला का सुटली, हे आम्ही निराळे सांगायला नको.

झुरिकच्या फिक या डॉक्टराने काचेची भिंगे डोळ्यावर बसवून पाहिली व १८८८ साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. कील येथील आउगुस्ट म्यूलर हा विद्यार्थी स्वतःच लघुदृष्टीचा, नंबर उणे १४! १८८९ च्या प्रबंधासाठी त्याने आपलाच डोळा पुढे केला. कोकेनचे थेंब घालूनही अर्ध्या तासापलीकडे ते भिंग त्याला सोसवेना. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. ते प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या वाटे घेते. काचेने ती वाटच बुजवली होती.

१९४८ साली अमेरिकेत ट्यूहीने कठीण प्लॅस्टिकचे, बुबुळापुरतेच भिंग केले. त्यातूनही वायू जात नसे, पण पापणी लवताच ताजे अश्रू खाली शिरत. मात्र नाक्यावरचा एक धूलिकण आत गेला, की माणूस जागच्या जागी बसलाच!

प्रागच्या ओटो विख्टर्लेचे संशोधन तर वरिष्ठांनी बंद पाडले. गडी हटला नाही. १९६१ च्या नाताळात त्याने घरीच मुलांच्या खेळातले सुटे भाग व सायकलचा डायनॅमो जोडून फिरते यंत्र उभारले आणि पाणी शोषणारी मऊ भिंगे ओतली. त्या पाण्यातून प्राणवायू पोहोचू लागला, पण रात्रीला पुरेना. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस आलेल्या सिलिकोनमिश्रित भिंगांनी तो भरपूर पोहोचवला. तरीही भिंग लावून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि नळाचे पाणी त्याला वर्ज्यच आहे.