कोळशाचे कालवे आणि सहलीच्या होड्या

‘कालवा’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनासमोर उसाचे मळे उभे राहतात. मुठेचा कालवा असो कीं नीरेचा असो, शेतास पाणी पोंचविणें हें त्याचें काम. त्यावरून मालाची ने-आण व्हावी, अशी कल्पना आपल्याकडे सहसा कोणी करीत नाहीं. इंग्लंडच्या मध्यभागांतील कालव्यांची गोष्ट नेमकी उलट आहे. शेतें भिजावीं हा ते खणणाऱ्यांचा उद्देशच नव्हता. ते पाण्याचे रस्ते होत. आज त्या रस्त्यांवरून माल जवळजवळ मुळींच जात नाहीं. जातात ते सुट्टीवर निघालेले लोक. कोळशासाठीं खणलेला कालवा सहलीचें ठिकाण कसा झाला, आणि या पालटांत काय राखलें गेलें व काय हातचें गेलें, हें आज पाहावयाचें आहे.

मँचेस्टर शहरापासून कांहीं मैलांवर वर्स्ली या गांवीं ब्रिजवॉटरचा ड्यूक फ्रान्सिस एजर्टन याच्या कोळशाच्या खाणी होत्या. खाणींत कोळसा विपुल होता, शहरांत गिऱ्हाईकही विपुल होतें. अडत होतें तें मधल्या वाटेवर. चिखलाच्या रस्त्यांनीं घोड्यांच्या पाठीवर लादून आणलेला कोळसा शहरीं पोंचेपर्यंत महाग होई. ड्यूकानें कालवा खणविण्याचें ठरविलें. त्याचा कारागीर जेम्स ब्रिंडली हा गिरण्यांचीं यंत्रें दुरुस्त करणारा मनुष्य. त्याला लिहितां-वाचतां जेमतेमच येई. मोठी अडचण पुढें आली कीं तो अंथरुणावर जाऊन पडे आणि सारा आराखडा मनांत जुळल्यावरच उठे, असें सांगतात. बार्टन येथें त्यानें इरवेल नदीवर दगडी पूल बांधून त्या पुलावरून कालवा नेला. खालीं नदींतून एक होडी चालली आहे आणि तिच्या डोक्यावरून दुसरी होडी घोडा ओढून नेत आहे, हें नवल पाहण्यास लोक लांबून येऊं लागले. १७६१ सालीं कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमधील कोळशाचा भाव थोड्याच काळांत जवळजवळ निम्म्यावर आला.

यामागचें गणित साधें आहे. जो घोडा पाठीवर अडीच-तीन मणांचें ओझें वाहतो, तोच घोडा शांत पाण्यावर २५-३० टनांची होडी ओढूं शकतो. मात्र पाणी शांत राहावयाचें तर तें सपाट हवें, आणि जमीन तर उंचसखल. यावरील उपाय म्हणजे ‘लॉक’. आपण त्याला पाण्याची पायरी म्हणूं. कालव्याच्या पात्रांत दगडाविटांनीं बांधलेली एक चिंचोळी खोली असते आणि तिच्या दोन्ही टोकांस जाड लाकडी दारें असतात. वर चढणारी होडी खालच्या दारानें आंत शिरते व तें दार लावून घेतात. मग वरच्या बाजूच्या झडपा हातदांड्यानें उघडल्या कीं वरचें पाणी खोलींत भरूं लागतें आणि होडी अलगद उचलली जाते. आंतलें व वरचें पाणी एका पातळीस आलें कीं वरचें दार उघडतें. तोंवर कितीही जोर लावला तरी तें हलत नाहीं. अशा एका चढउतारास सुमारें २५ हजार गॅलन पाणी खालीं जातें. म्हणून उंचावरच्या भागांत तलाव बांधून पाण्याचा सांठा करून ठेवावा लागला.

१७६६ सालीं ट्रेंट व मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचें काम ब्रिंडलीनें हातीं घेतलें. वाटेंत हेअरकॅसलची टेकडी होती. तिच्या पोटांतून २८८० यार्डांचा बोगदा पाडावयाचा होता. पैसा वांचावा, पाणीही वांचावें, म्हणून बोगदा अरुंद केला आणि लॉकें सुमारें ७२ फूट लांब व ७ फूट रुंद ठेवलीं. सत्तर फूट लांब आणि सात फुटांहूनही किंचित् अरुंद अशा त्या विलक्षण होडीचें माप तेथेंच ठरून गेलें. बोगद्यांत घोड्यास वाट नव्हती. घोडा टेकडीवरून फिरून जाई आणि नावाडी फळीवर उताणे पडून, बोगद्याच्या भिंतींना पाय रेटीत होडी अंधारांतून पुढें नेत. ब्रिंडली १७७२ सालीं वारला. कालवा १७७७ सालीं पुरा झाला.

पुढें १७९० नंतरच्या कांहीं वर्षांत कालव्यांचे भाग विकत घेण्याचें वेडच देशाला लागलें. त्यांतले कित्येक कालवे फसले. पण पॉंटकसिल्ट्यासारखीं कामेंही त्याच भरांत उभीं राहिलीं. वेल्समधील डी नदीच्या खोऱ्यावरून १२६ फूट उंचीवर, ओतीव लोखंडाच्या पन्हळींतून कालवा नेणारा हा पूल टेलफर्ड व जेसॉप यांनीं १८०५ सालीं पुरा केला. तो अजून कामांत आहे.

१८३० सालीं लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली आणि कालव्यांच्या भरभराटीस उतार लागला. स्पर्धेपायीं वाहतुकीचे दर घसरले आणि दरांबरोबर नावाड्याची मजुरीही घसरली. कांठावरील घराचें भाडें परवडेनासें झालें, तेव्हां त्यानें बायकामुलांना होडीवरच आणलें. त्यामुळें घर वांचलें आणि बिनपगारी मजूरही मिळाले. सत्तर फुटांची होडी मालानें भरलेली, आणि संसारास उरली ती मागच्या टोकाची सुमारें दहा फूट लांबीची खोली! कपाटाचें दार खालीं पाडलें कीं तेंच जेवणाचें मेज होई. रात्रीं आडवी फळी टाकली कीं तोच पलंग. या खोलींत मुलें जन्मलीं, म्हातारीं माणसें वारलीं. पाण्याच्या डब्यावर, दारांवर, बादलीवर गुलाबाचीं फुलें व किल्ले रंगविण्याची नावाड्यांची हौस प्रसिद्ध आहे. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथनें या मुलांच्या हलाखीविषयीं रान उठविलें, आणि १८७७ व १८८४ सालीं पार्लमेंटनें कायदे केले. परंतु जी होडी आज या गांवीं आणि उद्यां त्या गांवीं, तिच्यावरील मुलांनीं शाळा कोणत्या गांवची गांठावी? नावाड्यांच्या कित्येक पिढ्या निरक्षरच राहिल्या.

विसाव्या शतकांत मोटार आली आणि एकेक कालवा गाळानें भरूं लागला. १९४४ च्या एका कायद्यानें हडर्सफील्डचा अरुंद कालवा व लँगोलनकडे जाणारा कालवा यांसारखे अनेक मार्ग वाहतुकीस बंद ठरविले. लँगोलनचा कालवा बुजला नाहीं, याचें कारण इतकेंच कीं त्याच्यांतून डी नदीचें पाणी खालच्या कालव्यास मिळत होतें.

त्याच १९४४ सालीं ‘नॅरो बोट’ नांवाचें पुस्तक बाहेर पडलें. एल. टी. सी. रोल्ट हा यंत्रविद्या शिकलेला तरुण १९३९ सालीं आपल्या पत्नीसह ‘क्रेसी’ नांवाच्या जुन्या होडींत संसार थाटून बॅनबरीहून निघाला होता. त्या प्रवासाचें हें वर्णन. तें रॉबर्ट ऐकमन या लंडनच्या साहित्यिकाच्या वाचनांत आलें. दोघांची गांठ पडली आणि १९४६ सालीं कालव्यांच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली. बर्मिंगहॅमजवळ स्ट्रॅटफर्ड कालव्यावर एक बुटका पूल वाट अडवून बसला होता. कायद्यानें जलमार्ग खुलाच होता. सरदारांच्या सभेंत प्रश्न विचारला गेला, तेव्हां कालव्याची मालक असलेल्या रेल्वे कंपनीकडून आश्वासन मिळालें कीं, कोणी आगाऊ कळविल्यास पूल उचलण्यांत येईल. रोल्टनें तत्काळ कळविलें! १९४७ च्या मे महिन्यांत मजुरांनीं जॅक लावून तो पूल उचलला आणि ‘क्रेसी’ त्याखालून गेली. हक्क बजावला नाहीं तर तो कागदावरच राहतो, हें त्या होडीनें दाखवून दिलें.

१९५० सालीं मार्केट हारबरो येथें या संस्थेनें भरविलेल्या मेळ्यास शंभराहून अधिक होड्या आल्या. परंतु याच सुमारास दोघां मित्रांत बेबनाव झाला, आणि तो केवळ स्वभावांचा नव्हता. एकही मैल सोडूं नये, माल, सहल, मासेमारी, ज्या मिळेल त्या उपयोगासाठीं सारे कालवे राखावे, हा ऐकमनचा आग्रह. रोल्टचा जीव गुंतला होता तो नावाड्यांत. ज्या कालव्यांवर त्यांचा धंदा अजून तग धरून आहे ते आधीं राखा, असें तो म्हणे. १९५१ सालीं रोल्टला संस्थेबाहेर जावें लागलें.

पुढच्या घटनांनीं ऐकमनचें धोरण खरें केलें आणि रोल्टची भीतीही. १९५८ सालीं स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग वापरांत नाहीं असें सांगून तो कायमचा सोडून देण्याची परवानगी मागण्यांत आली. त्यावर उत्तर म्हणून पुढें आली एक क्षुल्लक पावती: वल्ह्यांच्या लहानशा डोंगींतून गेलेल्या दोघांनीं भरलेल्या जकातीची! कालवा सुटला नाहीं. स्वयंसेवक, सैनिक व तुरुंगांतील कैदी यांनीं गाळ उपसला, लॉकें दुरुस्त केलीं, आणि १९६४ सालीं राजमातेच्या हस्ते तो पुन्हां खुला झाला. १९६८ च्या कायद्यानें सहलीच्या वापरासाठीं कालवे राखण्याचें तत्त्व सरकारनेंच मान्य केलें. केनेट व एव्हन कालवा १९९० सालीं, तर ५७ वर्षांपूर्वीं बंद ठरविलेला हडर्सफील्डचा कालवा २००१ सालीं खुला झाला. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधील सुमारें दोन हजार मैलांचे जलमार्ग एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहेत.

आणि नावाडी? १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले. होड्या बर्फांत अडकल्या, गिऱ्हाइकें मोटारींकडे गेलीं तीं परतलीं नाहींत. सरकारी मंडळानें १९६३ सालीं आपल्या बहुतेक अरुंद होड्या वाहतुकींतून काढून घेतल्या. लंडनजवळ साउथॉल येथील एका मुरंब्याच्या कारखान्यास कोळसा नेणारी शेवटची नियमित लांब पल्ल्याची खेप १९७० सालीं थांबली. कोळशानें आरंभिलेला हा इतिहास कोळशानेंच संपला.

आजचा प्रवासी आठवड्याच्या बोलीनें होडी भाड्यानें घेतो. तिचें माप जुनेंच. पण जेथें कोळसा भरीत तेथें आतां झोपण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर असतें. मागच्या टोकास उभें राहून सुकाणूचा दांडा डावीकडे रेटला कीं होडीचें तोंड उजवीकडे वळतें, हें तो पहिल्या तासांत शिकतो. ताशीं चार मैलांहून जलद जाण्याची मुभा नाहीं, आणि मुलें कांठावरून चालत होडीच्या पुढें जाऊं शकतात. लॉक आलें कीं आई, वडील, मुलें हातदांडे घेऊन खालीं उतरतात व आपल्या हातानें पाणी चढवितात. एके काळीं जें पोटासाठीं करावें लागे, तेंच आतां पैसे देऊन हौसेनें केलें जातें. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ही हौस नसती तर ते कालवे केव्हांच बुजून जाते.

मात्र पुलाखालून जातांना त्यानें कमानीच्या कोपऱ्याकडे नजर टाकावी. आपल्याकडे दोरानें विहिरीच्या कांठचा दगड झिजतो, तशा तेथें दगडांत आणि लोखंडी पट्ट्यांत बोटभर खोल खांचा पडलेल्या दिसतात. होड्या ओढणाऱ्या दोरांनीं शंभर-दीडशें वर्षें घांसून त्या पाडल्या आहेत. त्या दोरांपुढें घोडा चाले आणि घोड्याबरोबर बहुधा एखादें लहान मूल चाले. सहलीनें कालवे वांचविले. ते ज्यांचें घर होतें त्यांना तिला वांचवितां आलें नाहीं. त्यांचें नांव कोणत्याही दगडावर खोदलेलें नाहीं. खूण तेवढी राहिली आहे.