चार अक्षरे, आठ उच्चार : इंग्रजीतील ‘ओ-यू-जी-एच’चे कोडे

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळ असलेल्या ‘स्लाउ’ या शहराचे नाव प्रथमच वाचणारा माणूस ते ‘स्लफ’, ‘स्लो’ किंवा ‘स्लू’ असेही वाचू शकतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. ‘टफ’, ‘दो’ आणि ‘थ्रू’ या तिन्ही शब्दांचा शेवट ‘ओ-यू-जी-एच’ या त्याच चार अक्षरांनी होतो. लेस्टरशरमधील ‘लफबरा’ या गावाच्या नावात तर ही चार अक्षरे दोनदा येतात. पहिल्या वेळी त्यांचा उच्चार ‘अफ’ होतो, दुसऱ्या वेळी नुसता ‘अ’.

उच्चारांची वर्गवारी

आजच्या प्रमाण इंग्रजीत या अक्षरसमूहाचे किमान आठ उच्चार आढळतात. ‘दो’ (जरी) आणि ‘डो’ (मळलेली कणीक) यांत ‘ओ’. ‘थ्रू’ (मधून) मध्ये ‘ऊ’. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ यांत ‘अफ’. ‘कॉफ’ (खोकला) आणि ‘ट्रॉफ’ (जनावरांची गव्हाण) यांत ‘ऑफ’. ‘बाउ’ (झाडाची फांदी), ‘प्लाउ’ (नांगर) आणि ‘ड्राउट’ (अवर्षण) यांत ‘आउ’. ‘थॉट’, ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘फॉट’ यांत ‘ऑ’. ‘थरा’ (सखोल) आणि ‘बरा’ (नगरविभाग) यांत ‘अ’. हे शेवटचे दोन शब्द अमेरिकेत ‘थरो’, ‘बरो’ असे ऐकू येतात. आठवा उच्चार आयर्लंडमधील सरोवरांच्या नावांत टिकून आहे. तेथे सरोवराला ‘लॉख’ म्हणतात आणि त्याचे स्पेलिंग याच चार अक्षरांनी पुरे होते.

हे असे का झाले?

जुन्या इंग्रजीत यांपैकी बहुतेक शब्दांत घशातून घासून निघणारा एक ध्वनी होता. उर्दूतील ‘ख़बर’ या शब्दाचा पहिला ध्वनी ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना त्याची कल्पना सहज येईल. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच लेखनपद्धतीचे वळण असलेल्या लेखनिकांच्या हातून इंग्रजी लिहिली जाऊ लागली आणि या ध्वनीसाठी ‘जी-एच’ ही जोडी हळूहळू रूढ झाली. त्या काळी ही अक्षरे निरर्थक नव्हती. ती खरोखरच उच्चारली जात.

पुढे हा ध्वनी इंग्रजीतून लोप पावला, परंतु सर्वत्र एकाच रीतीने नव्हे. काही शब्दांत तो पूर्णपणे गळाला, तर काहींत ओठांच्या गोलाईमुळे त्याचा ‘फ’ झाला. याच शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरही मोठ्या प्रमाणावर सरकत होते. वेगवेगळ्या बोलींतील उच्चार प्रमाणभाषेत येऊन मिसळले. मात्र १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केल्यानंतर स्पेलिंग क्रमाक्रमाने स्थिरावत गेले. परिणामी जिभेवरचा शब्द बदलत राहिला आणि कागदावरचा तसाच राहिला.

हरवलेल्या या ध्वनीच्या खुणा भगिनीभाषांत सापडतात. इंग्रजी ‘नाइट’, ‘एट’ आणि ‘डॉटर’ यांतील ‘जी-एच’ आज मूक आहे. जर्मन मात्र अजूनही ‘नाख्ट’, ‘आख्ट’, ‘टोख्टर’ असे म्हणते. संस्कृतातील ‘नक्त’, ‘अष्ट’ आणि ‘दुहितृ’ हे याच कुळातील शब्द आहेत.

सुधारणेचे प्रयत्न

अमेरिकेने काही शब्दांपुरती ही गाठ सोडवली. तेथे नांगराचे स्पेलिंग ‘पी-एल-ओ-डब्ल्यू’ असे होते आणि ‘डोनट’चे आखूड रूपही सर्रास चालते. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० सुलभ स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला, परंतु काँग्रेसच्या विरोधामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९३४ पासून ‘दो’ आणि ‘थ्रू’ची आखूड रूपे छापली, १९७५ मध्ये तीही सोडून दिली.

मराठी भाषकांसाठी

देवनागरीत वाढलेल्या वाचकाला हा प्रकार अजब वाटतो. तरी मराठीही याबाबतीत सर्वस्वी निर्दोष नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ किंवा ‘जन्म’ आणि ‘जाळे’ यांतील ‘ज’ एकाच अक्षराने लिहिले जातात, पण उच्चारले जातात वेगळे. मराठी शिकणाऱ्या परभाषकाची तेथे अशीच अडचण होते.

व्यवहारात एक नियम बराच उपयोगी पडतो. या चार अक्षरांपुढे ‘टी’ आला की उच्चार जवळजवळ नेहमी ‘ऑट’ होतो. नेहमीच्या वापरातील ठळक अपवाद ‘ड्राउट’चा, पाणी, शेती किंवा विमा या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी तो विशेष लक्षात ठेवावा. ‘फ’चा उच्चार असलेले शब्द मोजकेच असल्याने ते पाठ करणे सोपे.

लेखनातील चुका अधिक महाग पडतात. ‘बॉट’ हे ‘बाय’चे, म्हणजे विकत घेण्याचे भूतकाळी रूप, तर ‘ब्रॉट’ हे ‘ब्रिंग’चे, म्हणजे आणण्याचे. कंपनीने यंत्र विकत घेतले की नुसते आणले, हे एका ‘आर’वर ठरते. ‘थ्रू’ आणि ‘थरा’ हे मुळात एकाच जुन्या शब्दाचे दोन फाटे. त्यांच्या स्पेलिंगमध्ये फरक एका ‘ओ’चा. सखोल तपासणीच्या अहवालात हा ‘ओ’ गळला, तरी उरणारा शब्द शुद्धच असल्याने संगणकाचा स्पेलिंग तपासनीस अनेकदा गप्प राहतो. अहवाल पाठवण्यापूर्वी हे शब्द डोळ्यांनीच तपासावे लागतात. गावांच्या नावांना आणि आडनावांना तर कोणताच नियम पुरत नाही. तेथे स्थानिक माणसाला उच्चार विचारून घ्यावा. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही तेच करावे लागते.