लाज, पाणी आणि एक नळी

शौचालयाच्या इतिहासावर बोलताना आपण बहुतेक वेळा मैला वाहून कुठे गेला, गटारं कुणी बांधली, एवढंच बोलतो. माणसाने स्वतःला स्वच्छ कसं केलं, हा प्रश्न मागे राहतो. आज त्याच प्रश्नाकडे वळू.

बिडे हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ तट्टू. घोड्यावर बसल्यासारखं बसून धुवायचं, म्हणून हे नाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या श्रीमंत घरांत हे भांडं लाकडी चौकटीत बसवलेलं, शयनगृहात ठेवायचं फर्निचर होतं. नळाचं पाणी घरात आल्यावर ते न्हाणीघरात गेलं; पण कमोडपासून वेगळंच राहिलं. म्हणजे उठा, सरका, पुन्हा बसा. शिवाय त्याला जागा हवी, वेगळा नळ हवा, वेगळा निचरा हवा. इटलीने 1975 च्या सरकारी आदेशाने प्रत्येक घरातल्या निदान एका न्हाणीघरात बिडे सक्तीचा केला. अमेरिकेत मात्र तो रुजला नाही. तिथे कागद होता, आणि या विषयावर बोलण्याची लाज होती.

आता गंमत बघा. ही कोंडी कुठल्या मोठ्या कारखान्याने फोडली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अर्नोल्ड कोहेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या आजारी वडिलांसाठी कमोडच्या सीटलाच जोडता येईल असा, पायाने चालवायचा फवारा तयार केला. 1964 मध्ये त्यांनी कंपनी काढली. वेगळं भांडं नको, वेगळी जागा नको. असलेल्या कमोडला जोड द्यायची, बस्स. ही कल्पना साधी वाटते, पण इथेच खरा बदल आहे. आजारी माणसाला उठून सरकावं लागत नाही, आणि दुसऱ्याचा हातही लागत नाही.

जपानच्या टोटो कंपनीने त्याच 1964 साली अमेरिकेतून असं सीट आयात केलं, ते मुख्यतः रुग्णांसाठी. पण पाण्याचं तापमान स्थिर राहीना, धारेची दिशा चुके. मग टोटोच्या अभियंत्यांनी स्वतःच काम हाती घेतलं. धार नेमकी कुठे लागायला हवी? याची मोजमापं कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्यांनी सीटवर आडवी तार ताणली आणि तीनशेहून जास्त सहकाऱ्यांना बसवून जागा नोंदवून घेतली. सहकारी आधी लाजले, हे सांगायला नकोच! यातून धारेचा 43 अंशांचा कोन ठरला आणि पाणी सुमारे 38 अंश सेल्सिअस ठेवायचं ठरलं. पाण्याशेजारी वीज कशी खेळवायची, याचं उत्तर त्यांना भर पावसातही चालणाऱ्या रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये दिसलं. 1980 मध्ये ‘वॉशलेट’ बाजारात आलं. 1982 ची त्याची दूरदर्शनवरची जाहिरात ऐन जेवणाच्या वेळी लागली, तेव्हा तक्रारी आल्या. पण तिचा मुद्दा बिनतोड होता. हाताला रंग लागला तर तो नुसत्या कागदाने निघतो का?

आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता, असं कुणी म्हणेल. तांब्या होता, टमरेल होतं. खरं आहे. पण टमरेलाला वाकणारी कंबर आणि मागे पोचणारा हात लागतो. संधिवाताने आखडलेल्या आजींना किंवा अर्धांगवायू झालेल्या आजोबांना ते जमत नाही. म्हणून फ्लॅटमध्ये कमोड आला, तसा प्लंबरही जोड देऊ लागला: भिंतीतल्या अँगल कॉकला टी, टीला लवचीक नळी, सांध्यांना टेफ्लॉन टेप आणि वॉशर, नळीच्या टोकाला जेट.

घरी हे करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, दाब. टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाशी साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. म्हणून तेच जेट तळमजल्यावर टोचतं आणि वरच्या मजल्यावर नुसतं ठिबकतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नळीचं तोंड कमोडच्या पाण्यात बुडलेलं असेल आणि वरची टाकी रिकामी होऊन पाणी खाली ओढलं गेलं, तर तेच घाण पाणी उलटं नळात शिरू शकतं. त्याच नळातून आपण दात घासतो, बरं का! म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, जेट भांड्यात सोडू नये, भिंतीवरच्या हुकला अडकवावा. वापरानंतर अँगल कॉकही बंद करावा, नाहीतर सततच्या दाबाने नळी फुटते.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला, तेव्हा हीच जोडणी तिथे धडाक्यात विकली गेली. टंचाईने लाजेवर मात केली, असं म्हणू. तिथल्या मराठी घरांना त्यात नवल वाटलं नसावं.

सारांश काय? या नळीत अवघड विज्ञान फारसं नाही. पाणी होतं, दाब होता, पाइप होता. अडलं होतं ते बोलण्यात. कुणीतरी वडिलांची अडचण मोठ्याने उच्चारली, कुणीतरी सहकाऱ्यांना लाजवून का होईना पण मोजमाप घेतलं, तेव्हा काम पुढे सरकलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही अडचण आहे का, हे आपण कधी विचारलंय? तेवढं विचारावं, आणि मग पाना हातात घ्यावा.