लक्षणाकडून प्रयोगशाळेकडे : भारतातील पोलिओ सर्वेक्षणाचा इतिहास

प्रस्तावना
साथरोगांच्या इतिहासात लसीची कथा विस्ताराने येते. चाचणी कोणाची करावयाची, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. १९८८ साली जागतिक आरोग्य सभेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव संमत केला आणि १९९५ मध्ये भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. परंतु रोग कोठे शिल्लक आहे, हे शोधण्याची खात्रीशीर पद्धत असल्याखेरीज मोहिमेचे यश ठरविणे शक्य नव्हते.

लक्षणाची निवड
पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो. इतरांत लक्षणे दिसत नाहीत किंवा साधा ताप येतो. ताप आलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी करणे अशक्य होते. दुसरीकडे, प्रत्येक लुळेपणा पोलिओचा नसतो; गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जारज्जूचा दाह किंवा इंजेक्शनमुळे नसेला झालेली इजा यांमुळेही तो संभवतो.

भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात जाणीवपूर्वक व्यापक व्याख्या स्वीकारण्यात आली : पंधरा वर्षांखालील मुलास अचानक शिथिल लुळेपणा आल्यास, कारण कोणतेही वाटो, त्याची नोंद झालीच पाहिजे. ‘हा पोलिओ नव्हे’ असे डॉक्टरांचे अनुभवसिद्ध मतही नोंद टाळण्यास पुरेसे मानले गेले नाही. लक्षणाने संशय निर्माण करावा आणि निर्णय प्रयोगशाळेने द्यावा, अशी ही विभागणी होती.

चाचणीची शिस्त
लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जात. या काळात विषाणू अधिक प्रमाणात बाहेर पडतो, पण सातत्याने नव्हे. म्हणून दोन नमुने. ते शीतसाखळीतून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवावे लागत. मुंबईतील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने या कार्यात महत्त्वाची भूमिका बजावली. सापडलेला विषाणू नैसर्गिक की लसीतील, हेही प्रयोगशाळेतच ठरे.

या व्यवस्थेची कसोटी पोलिओ नसलेल्या रुग्णांवरच अवलंबून होती. पंधरा वर्षांखालील एक लाख मुलांमागे वर्षाला अशा किमान एका रुग्णाची नोंद अपेक्षित होती. जेथे एकही नोंद नसे, तेथे आरोग्य उत्तम असल्याचे नव्हे, तर शोध अपुरा असल्याचे अनुमान काढले जाई.

मर्यादा
लक्षण नसलेले वाहक मात्र या जाळ्यातून निसटत. त्यामुळे २००१ पासून मुंबईत सांडपाण्याची तपासणी सुरू करण्यात आली. रुग्ण नसलेल्या वस्तीतही विषाणू असू शकतो, हे गृहीत धरणारी ही पूरक पद्धत होती.

समारोप
२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण नोंदले गेले, २०१० मध्ये ४२. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. ही घोषणा केवळ रुग्ण न आढळल्यामुळे विश्वासार्ह ठरली नाही. लुळेपणा आलेल्या हजारो मुलांची तपासणी होऊन त्यांत विषाणू नसल्याचे सिद्ध होत राहिले, म्हणून ती विश्वासार्ह ठरली. रोगाचा अभाव हाही पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.