जीपची उंची आणि तिची किंमत

आमच्या पुण्याच्या नातवाने नवी थार घेतली. पाठोपाठ दुसरी बातमी आली, "आजोबा, गाडी दोन इंच उचलून घेणार आणि टायरही मोठे टाकणार." खर्च म्हणे दीड लाखाच्या पुढे! आमची उभी हयात जव्हार-मोखाड्यात मास्तरकी करण्यात गेली. जीप म्हटले की आम्हाला हौस आठवत नाही, गरज आठवते. म्हणून हा थोडा इतिहास.

उंचीचा प्रश्न जीपपेक्षा जुना आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जव्हारच्या शिरपामाळावर थांबले होते असे सांगतात. तेव्हा या डोंगरात चाकाचे काम नव्हतेच. घोडा पाय उचलून दगड ओलांडतो, चाकाला ते जमत नाही. बैलगाडीचे चाक मोठे ठेवत ते यासाठीच. लहान चाक खड्ड्यात बसते, मोठे चाक त्यावरून निघून जाते.

जीप जन्मली ती युद्धात. अमेरिकन लष्करासाठी १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. त्यांचे टायर जेमतेम सहा इंच रुंदीचे! गाडी हलकी, चारही चाकांना ताकद, यावरच सगळी भिस्त. आपल्याकडे १९४५ साली लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली ती याच कंपनीकडून.

आमच्या भागात जीप आली ती आधी सरकारी साहेबांची, मग प्रवाशांची. एस.टी. चुकली की खोडाळ्याला किंवा तोरंगण घाटातून त्र्यंबकला जायला जीपच. आत किती माणसे बसली यापेक्षा बाहेर किती लटकली हे मोजणे सोपे! ओझ्याने गाडी बसू नये म्हणून मालक पाट्यांत एक जादा पाटा घालून घेत. गाडी उंच होई, पण रिकामी असली की अशी आदळे की कंबर सांगे, मास्तर, पायीच जा.

आता नातवाच्या हिशोबाकडे येऊ. गणिताचा मास्तर गप्प कसा बसेल? टायर २८ इंचांवरून ३१ इंचांचा केला, तर आस वर उचलला जातो फक्त दीड इंच, कारण वाढ व्यासात आहे आणि आस असतो मध्यावर. नुसती बॉडी उचलली तर आस तसूभरही हलत नाही, आणि दगडाला अडकतो तो आसावरचा डिफरन्शियलचा गोळाच. परीघ एक दशमांशाने वाढतो. म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने धावत असेल. इंजिनाला आणि ब्रेकला जास्त कष्ट, डिझेल जास्त, आणि वजन उंचावर गेल्याने घाटाच्या वळणावर कलंडण्याची भीती वाढलेली. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेली मूळ रचना मालकाला मनाप्रमाणे बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आणि २०२० सालची थार कारखान्यातूनच जमिनीपासून २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच उंच येते. आमच्या जुन्या ड्रायव्हरांना एवढी मिळती तर त्यांनी नारळ फोडला असता.

पण खरी किंमत वेगळीच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, पालघर जिल्हा होऊन आठ वर्षे उलटली असताना, मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीत एका बाईची मुदतीआधी घरीच प्रसूती झाली. जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या माऊलीला झोळीत घालून भर पावसात तीन किलोमीटर न्यावे लागले, कारण पाड्यापर्यंत रस्ताच नव्हता. तिथे दोन इंच उचललेली गाडी काय करणार, आणि चार इंच उचललेली तरी काय? एका माणसाची गाडी उंच केली की त्याच्यापुरता खड्डा संपतो. रस्ता झाला की सगळ्या पाड्याचा संपतो.

पावसाळ्यात धबधबे पाहायला मुंबई-नाशिकच्या उंच गाड्या आमच्याकडे रांगेने येतात. खुशाल यावे, चार पैसे इथल्या माणसांना मिळतात. फक्त चिखल खेळायचा म्हणून भातखाचराच्या बांधावर चाक घालू नये. तो बांध कुणाच्या तरी वर्षभराच्या भाकरीचा असतो.

नातवाला कळवले आहे की गाडी आहे तशीच घेऊन श्रावणात ये. मुख्य रस्त्याला ती उभी करू आणि पुढे एखाद्या पाड्यावर पायी जाऊ. नंतर टायरचे काय ते तूच ठरव.